गोळ्या थांबल्यात, हे सर्जनला कोण सांगणार?

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) : बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. त्यांच्या २९ वर्षांच्या सुनेला ‘ताकायासु आर्टेरायटिस’ म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार आहे. डाव्या मनगटाला नाडी लागत नाही. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, मुळाशी फुगली आहे, तिथला व्हॉल्व्ह गळतो आहे आणि हृदयावर ताण आला आहे. दीड महिन्याने अहमदाबादला ऑपरेशन ठरलंय. तोवर सूज आटोक्यात राहावी म्हणून प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड) आणि मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू होतं. ‘होतं’ अशासाठी, की मागच्या आठवड्यात तांदळाच्या डब्यामागे न फोडलेल्या स्ट्रिप्स सापडल्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला सुजलेला चेहरा आणि वाढलेलं वजन बघून कुणीतरी ‘काय, गोड बातमी?’ असं विचारलं, त्यानंतर दहा-बारा दिवस सुनेने गोळ्या घेतलेल्याच नाहीत. ‘आई, त्याला सांगू नका,’ असं तिने विनवलं आणि सासूबाईंनी शब्द दिला. त्या लिहितात : ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय, बीपी तर कमीच असतं, आणि ऑपरेशन होणारच आहे. मग हे स्टिरॉइडचं विष पोटात घालून काय मिळणार? सांगितलं तर मुलगा भडकेल, डॉक्टर तारीख पुढे ढकलतील. शेजारच्या बेन एका वैद्यांचा काढा सुचवतात. आणि मनात हेही येतं, की माहेरच्यांनी लपवलं तर नसेल? मी काय करू?’

नमस्कार ताई,

आधी घाईचं. सूनबाईला उलट्या होत असतील, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, अंगातलं त्राण गेल्यासारखी ती नुसती पडून राहत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. तिला घेऊन सरळ हॉस्पिटलात जा आणि दारातच सांगा, की स्टिरॉइड एकदम बंद झालंय. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात, त्या शरीराला लागणारं कॉर्टिसॉल बनवतात. बरेच दिवस गोळीतून स्टिरॉइड मिळत राहिलं की त्या आपलं काम कमी करतात, आणि गोळी थांबली म्हणून लगेच पुन्हा कामाला लागत नाहीत. अशा वेळी साधा ताप किंवा जुलाबाचं निमित्तही बीपी कोसळायला पुरतं. अजून तसं झालं नसेल, तर ती आपली नशिबाची बाजू समजा.

तसं काही नसलं, तरी रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे या सुजेवर औषध देणाऱ्या डॉक्टरांना, फोन आजच व्हायला हवा. गोळ्या पुन्हा कितीपासून सुरू करायच्या हे ते सांगतील. सापडलेल्या स्ट्रिप्स टाकू नका, मोजून ठेवा. नेमकं किती चुकलंय ते त्यावरून कळतं. आणि चुकलेल्या गोळ्या ‘भरून काढू’ म्हणून घरच्या घरी जास्त देऊ नका. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर मुळीच नाही. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत.

आता तुमच्या शब्दाचं. तुम्ही लिहिता, ‘शब्द दिलाय, मोडू कसा?’ पण ती काय म्हणाली ते तुम्हीच लिहून पाठवलंय : ‘त्याला सांगू नका.’ म्हणजे नवऱ्याला. डॉक्टरांचा विषय त्यात निघालेलाच नाही. नवऱ्याला केव्हा आणि कसं सांगायचं हा तिचा अधिकार आहे, त्यात थोडी सवड देता येईल. डॉक्टरांच्या बाबतीत सवड नाही. ते का, हे तुम्हाला पटलं तर तुम्ही तिला पटवू शकाल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सूनबाईवर जे ऑपरेशन ठरलंय, ते तुमच्या वर्णनावरून ‘बेंटाल’ दिसतंय. १९६८ साली लंडनमधल्या ह्यू बेंटाल आणि अँथनी डी बोनो या सर्जननी ते मांडलं. डॅक्रॉनची, म्हणजे एका प्रकारच्या कापडाची, नळी असते आणि तिच्या एका टोकाला व्हॉल्व्ह शिवलेला असतो. महाधमनीचा फुगलेला मूळ भाग आणि गळका व्हॉल्व्ह काढून तिथे ही नळी बसवतात. खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन कॉरोनरी धमन्या याच भागातून निघतात, म्हणून त्यांची तोंडं भोवतालच्या गोल चकतीसकट कापून घेऊन नळीला पाडलेल्या भोकांवर शिवून टाकतात. थोडक्यात, सगळा भार टाक्यांवर. टाक्याच्या एका बाजूला कापड, दुसऱ्या बाजूला तुमच्या सुनेची स्वतःची महाधमनी. कापड टाका सोडत नाही. महाधमनीची भिंत मात्र सुजलेली असली, तर टाका तिच्यात घट्ट बसत नाही. प्रत्येक ठोक्याबरोबर तो भिंतीला थोडाथोडा कापत जातो. मग व्हॉल्व्ह एका बाजूने सुटून शेजारून रक्त गळू लागतं, नाहीतर टाक्यांपाशी फुगा धरतो. हे काही आठवड्यांत होऊ शकतं, काही वर्षांनीही होऊ शकतं. आणि दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा बरंच अवघड असतं.

म्हणून तर रुमॅटॉलॉजिस्टने ‘आधी सूज शांत होऊ दे’ म्हटलं आणि सर्जनने ते ऐकलं. ‘ऑपरेशन होणारच आहे, मग गोळ्या कशाला’ हा हिशेब तुम्ही उलटा मांडलाय, ताई. ऑपरेशन झालेलं नुकसान दुरुस्त करतं. ज्या सुजेने ते नुकसान केलं तिला ते हात लावत नाही. गोळ्यांशिवाय सर्जन उत्तम शिवेल, आणि तरी ते टिकेलच असं नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल आलाय’ याबद्दलही. तो रिपोर्ट गोळ्या चालू असतानाचा आहे, हे एक. दुसरं म्हणजे या आजारात ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या पुरत्या भरवशाच्या नाहीत. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या ६० रुग्णांचा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा आजार वरवर शांत वाटत होता अशांच्या बायपासच्या वेळी घेतलेले रक्तवाहिन्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ४४ टक्क्यांत सूज चालूच होती. म्हणून हल्ली नुसत्या रक्ताच्या तपासणीवर न थांबता एमआर किंवा सीटी अँजिओग्राफी, गरज पडली तर पेट स्कॅन करून भिंत बघतात. आपल्या भारतातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने तयार झालेला ‘आयटास २०१०’ नावाचा गुणतक्ताही आहे. नाड्या, बीपी, धमन्यांवर ऐकू येणारा आवाज, नवीन तक्रारी असं सगळं तपासून आजार जागा आहे की नाही ते त्यावरून ठरवतात. डॉक्टर हे सगळं करतील, पण मधले दिवस औषध पोटात गेलंच नाही हे ठाऊक नसेल, तर ते चुकीचं वाचतील. औषध घेऊनही आटोक्यात येत नाही असं समजून आणखी जहाल औषध लिहून देतील.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे कळलंच पाहिजे. इतके दिवस स्टिरॉइड घेतलेल्या माणसाला ऑपरेशनच्या वेळी ते शिरेतून द्यावं लागतं. फाइलमध्ये ‘रोज चालू’ असं लिहिलेलं आणि प्रत्यक्षात बंद, यावर त्यांचे अंदाज चुकतात.

तारीख पुढे जाईल का? जाईल, बहुतेक. जाऊ दे. ऑपरेशनची तारीख म्हणजे लग्नाचा मुहूर्त नव्हे, की टळला तर पुढच्या वर्षीच. मात्र थांबण्यालाही किंमत आहे, हे मी लपवणार नाही. व्हॉल्व्ह गळतो म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याने पुढे ढकललेलं रक्त परत मागे येतं, आणि कप्पा ताणत जातो. म्हणून या काळात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा करावा लागेल. रात्री आडवं झाल्यावर दम लागला, दोन उश्या घेतल्याशिवाय झोप येईना, पायांवर सूज आली किंवा छातीत दुखलं, तर वाट बघायची नाही. अशी वेळ आली तर सर्जन सूज असतानाही, स्टिरॉइडच्या आधाराने, ऑपरेशन करतात. जोखीम वाढते, पण तो निर्णय सगळं माहीत असलेल्या डॉक्टरने घ्यायचा असतो.

आता स्टिरॉइडच्या ‘विषा’बद्दल. तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. चेहरा सुजतो, भूक खवळते, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, झोप उडते आणि मनही उदास किंवा चिडचिडं होतं. ‘ती हल्ली बोलतच नाही’ असं तुम्ही लिहिलंय. त्याला आजार कारण असेल, हळदीकुंकवातला तो प्रश्न असेल, नाहीतर गोळीचाही वाटा असेल. हे सगळं डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. मेथोट्रेक्सेट जोडलंय ते मुळात स्टिरॉइडचा डोस उतरवता यावा म्हणूनच. ते पुरलं नाही तर अझाथायोप्रिन आहे, मायकोफेनोलेट आहे, टोसिलिझुमॅबची इंजेक्शनं आहेत (महाग आहेत, आणि त्याआधी टीबीची तपासणी करून घ्यावी लागते). डोस उतरला की चेहराही उतरतो. पण ‘मला आरशात बघवत नाही’ हे वाक्य ओपीडीत कुणी उच्चारतच नाही. ते क्षुल्लक वाटतं, डॉक्टर हसतील असं वाटतं. तिच्या जागी मी असते तर मलाही ते बोलता आलं नसतं. तुम्ही तिच्या शेजारी बसून तिला ते बोलायला लावा.

घरात करण्यासारखंही आहे. मीठ कमी झालं की चेहरा थोडा हलका होतो. सेव उसळ, फाफडा, पापड, लोणचं हे महिन्यातून एखाद्या वेळी. बडोद्यात राहून सेव उसळीला नाही म्हणणं सोपं नाही हे मान्य, पण वरची सेव आणि तर्री दोन्ही वगळली की त्यात खाण्यासारखं फारसं उरतही नाही. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. संध्याकाळी घेतली की रात्र जागून जाते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं विचारून घ्या.

काढ्याचं थोडक्यात : नको. असले काढे ‘प्रतिकारशक्ती वाढवतात’ म्हणून दिले जातात, आणि इथे प्रतिकारशक्तीच स्वतःच्या धमन्यांवर उलटलेली आहे. शिवाय बऱ्याच काढ्यांत ज्येष्ठमध असतं. ते जास्त दिवस पोटात गेलं तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. बेनना सांगा, डॉक्टरांनी मनाई केलीय. वाद मिटेल.

आणि हो, बीपी. तुम्ही कुठल्या हाताचं मोजता? नाडी लागत नाही त्या डाव्या हाताचं मोजत असाल तर तो आकडा खोटा आहे. हाताकडे जाणारी धमनी वरच अरुंद झालीय, त्यामुळे यंत्र ९५ दाखवत असताना हृदयाशी १६० असू शकतं. त्या आकड्यावर विसंबून बीपीची गोळी ‘कमीच आहे’ म्हणून चुकवली गेली असेल, तर तेही आजच्या फोनवर सांगा. उजवा हात बरा आहे ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. दोन्ही हातांत शंका असेल तर मांडीला मोठा पट्टा बांधून मोजावं लागतं. मग फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहा : ‘बीपी फक्त अमुक ठिकाणी मोजावं’. वॉर्डातली नर्स, रात्रपाळीचा डॉक्टर, रस्त्यापलीकडचा लॅबवाला, सगळ्यांना उपयोगी पडतं. हा आजार असलेल्या प्रत्येक घराला मी हेच सांगेन.

तोच डावा हात ऑपरेशनमध्येही आडवा येऊ शकतो. ताकायासुमध्ये कॉरोनरी धमन्या अरुंद होतात त्या बहुधा अगदी तोंडाशी, म्हणून ऑपरेशनआधी त्या नीट बघाव्या लागतात. बायपासही करायची वेळ आलीच, तर नेहमी वापरतात ती छातीच्या आतल्या बाजूची धमनी इथे चालेलच असं नाही, कारण ती हाताकडे जाणाऱ्या धमनीतूनच फुटते. मग पायाची शीर घ्यावी लागते. ‘कॉरोनरी बघितल्या का, आणि डाव्या हाताच्या धमनीचं काय ठरलं?’ हा प्रश्न सर्जनला जरूर विचारा. ते रागावणार नाहीत. बरं वाटेल त्यांना.

माहेरच्यांनी लपवलं का, हा प्रश्न तुम्ही अगदी शेवटी, आडून विचारलाय. नाही. मला तरी तसं वाटत नाही. हा आजार मुळात स्वतःच लपतो. बहुतेक वेळा चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो आणि सुरुवातीला नुसता थकवा, बारीक ताप, वजन उतरणं, वाळत घातलेले कपडे काढताना हात भरून येणं, एवढंच. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिकं देण्यात दोन-तीन वर्षं जातात. जपानमध्ये १९०८ साली मिकितो ताकायासु यांनी तो पहिल्यांदा सांगितला ते हृदयाचे डॉक्टर नव्हते, डोळ्यांचे होते. एका तरुण बाईच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं दिसलं, तिथून सुरुवात झाली. मग सूनबाईच्या आईवडिलांना काय कळणार होतं? हा संशय मनातून काढा, आणि मुलापाशी तर चुकूनही बोलू नका.

व्हॉल्व्हचा विषय तुमच्या पत्रात नाही, पण मला तोच मोठा वाटतो. धातूचा व्हॉल्व्ह घालायचा की प्राण्याच्या पेशीजालाचा, हे ऑपरेशनआधी ठरवावं लागतं. धातूचा वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेला व्हॉल्व्ह १९९० पासून वापरात आहे. पण त्यावर रक्ताच्या गुठळ्या धरू नयेत म्हणून वॉरफरिन किंवा असिनोकुमेरॉल जन्मभर, आणि आयएनआर ही रक्ततपासणी वरचेवर. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हे औषध बाळाला अपाय करू शकतं; त्याऐवजी हेपॅरिन घेतलं तर व्हॉल्व्हवर गुठळी धरण्याची भीती. पेशीजालाच्या व्हॉल्व्हला सहसा हे औषध जन्मभर लागत नाही, पण तो तरुण माणसात लवकर झिजतो. दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याआधीच, पुन्हा ऑपरेशन. मेथोट्रेक्सेट चालू असताना तर गर्भ राहूच नये. ते थांबवून पुरेसा काळ जावा लागतो. म्हणजे मूल हवं का आणि केव्हा, हे तिने आणि तुमच्या मुलाने आत्ता बोलायला हवं, सर्जनसमोर, तारीख पक्की होण्याआधी. हे कुणी तिला विचारलंय का? ‘गोड बातमी’ ऐकून ती इतकी का कोसळली, त्याचं उत्तर कदाचित इथे असेल. तुम्ही मत देऊ नका, फक्त त्या दोघांना ही बोलणी करायला एकटं सोडा.

मग आज संध्याकाळी काय कराल? मुलगा यायच्या आधी तिच्याजवळ बसा. ओरडू नका, रडूही नका. इतकंच म्हणा : ‘मी त्याला काही सांगितलेलं नाही. पण डॉक्टरांपासून लपवायला मी मदत करणार नाही. फोन तू लाव, मी शेजारी बसते.’ बहुतेक ती लावेल. एवढं ओझं एकटीने वागवणाऱ्याला कुणीतरी थांबवावं असंच वाटत असतं. नाहीच लावला, तर तिला सांगून, तिच्या देखत, तुम्ही लावा. पाठीमागून नको. डॉक्टरांनी नवीन वेळापत्रक दिलं की नवऱ्याला ते दोघींनी मिळून सांगा. तो भडकेल. त्याची रजा, पैशांची जुळवाजुळव, सगळं विस्कटणार आहे, तेव्हा थोडं भडकू द्या. ‘तू एकदा तरी विचारलंस का, कसं वाटतंय?’ हे मात्र त्याला आईनेच विचारलेलं बरं.

आणि पुढच्या हळदीकुंकवाला कुणी तोंड उघडलं, तर उत्तर सुनेने द्यायचं नाही, तुम्ही द्यायचं. ‘औषधाने सूज आलीय, हृदयाचं ऑपरेशन आहे,’ एवढं सासूने चारचौघींत ठामपणे सांगितलं की दांडिया बाजारात ती बातमी दोन दिवसांत सगळीकडे पोचते आणि प्रश्न थांबतात.

तारीख पुढे गेलीच, तर त्या वेळात दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या. किडलेला दात किंवा हिरडीतला पू नव्या व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग करू शकतो, त्यामुळे दातांची कामं आधी उरकतात. मात्र दात काढायचा असेल तर स्टिरॉइडचं विचारूनच. न्यूमोनियाच्या आणि फ्लूच्या लशीबद्दलही विचारा. खर्चाचं तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय. गुजरातमध्ये ‘पीएमजेएवाय-मा’ या सरकारी आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला २०२३ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड असेल तर हे ऑपरेशन आणि ठरलेला व्हॉल्व्ह त्यात बसतात का, हे हॉस्पिटलातल्या आरोग्य मित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, आधीच विचारून घ्या. अहमदाबादचं यू. एन. मेहता हृदयरुग्णालय राज्य सरकारचंच आहे. खासगीत ठरलं असेल तरी दुसरं मत घ्यायला हरकत नाही. आयएनआर लागणार असेल तर त्यासाठी दर वेळी अहमदाबाद गाठू नका. बडोद्यातली एकच लॅब ठरवा आणि आकडा कुणाला कळवायचा त्या डॉक्टरांचं नाव डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागा. तेव्हा मेथी-पालक बंद करा असं कुणीतरी सांगेल. बंद करायची गरज नसते. दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खाल्ली म्हणजे झालं.